रुमालाखाली

पहिल्या दिवशी चपला कुठं काढायच्या
यावरच अर्धा तास गेला.
रंगमंच असता तर पायरीशी काढल्या असत्या,
नारळ फोडला असता फळीच्या कोपऱ्यावर.
इथं फळीच नाही.
सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम,
सात खोल्या, एक वजनकाटा,
आणि भिंतीवर, माझ्या कपाळाच्या चार बोटं वर,
एकोणीस सालच्या पाण्याची तपकिरी रेघ.
तन्वीर मुजावर म्हणाला, काट्यावरच फोडा.
पोत्यांचा काटा तो,
नारळाला हलला नाही.

एकतीस वर्षं मी प्रॉम्प्टर.
डाव्या विंगेत, दोरीला पाठ लावून,
वही चाळीसच्या बल्बखाली.
किती राजांना मी दरडावायला शिकवलं,
किती नवऱ्यांच्या तोंडात घातलं, चुकलं माझं.

विंग कुठाय, तन्वीर?
विंग नाही, मावशी.
पडदा?
तोही नाही.
मग लोक बसणार कुठं?
बसणार नाहीत, चालतील. रात्री दोनशे जण.
सातही खोल्यांत एकाच वेळी नाटक चालू,
कुणाच्या वाट्याला काय येईल
ते आपल्यालाही कळायचं नाही.
मी वही मिटली.
सात लेकरं, आणि कडेवर जागा एकाची.

चौऱ्याऐंशी माणसं गोल करून उभी राहिली.
नट त्यातले एकवीस.
बाकी तोलाईवाली सुनंदा मगदूम,
नर्सिंग कॉलेजातल्या सहा पोरी, दर दोन मिनिटांनी शिंकणाऱ्या,
मिरजेहून आलेला तंबोऱ्याचा कारागीर,
तो आधीच सांगून मोकळा झाला,
मला बोलायला लावू नका, मी भोपळा कोरत बसतो.
हळद सगळ्यांच्या नाकात.
तन्वीरनं सांगितलं, डोळे मिटा आणि चाला.
एक नट खांबावर आपटला
आणि सवयीनं प्रेक्षकांकडे बघून हसला.
तिकडे भिंत होती.

शेवटच्या खोलीत भूपाल चौगुले.
पन्नास वर्षं हमाली, पाठीत किंचित कमान,
तळव्याच्या रेषांत पिवळं, धुऊन न जाणारं.
तो म्हणाला, आता सौदे ओरडून होतात,
माझ्या पोरपणी रुमालाखाली व्हायचे.
बोटं धरायची. दोन धरली तर दोन,
शेकडा का हजार, ते समोरचा माणूस बघून.
तोंड गप्प. चेहरा दगड.

इथं एकेक प्रेक्षक एकटा येणार.
भूपाल रुमाल टाकणार हातावर
आणि विचारणार, पाण्यात काय गेलं?
भाव बोटांनी सांगायचा.
मी पेन्सिल काढली. पुढचं वाक्य काय?
वाक्य नाही, तन्वीर म्हणाला.
अडला तर?
अडू दे.

मग मलाच बसवलं समोर, तालीम म्हणून.
रुमाल तपकिरी, कडेला उसवलेला.
पाण्यात काय गेलं?
खाटेखालची ट्रंक गेली.
तिच्यात एकतीस नाटकांच्या वह्या,
समासात माझ्या खुणा,
इथं थांबतो, इथं हमखास विसरतो,
इथं रडत नाही पण रडल्यासारखा श्वास घेतो.
आठव्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा
आत नुसता लगदा, शाईचा वास.
तो कुणी विकत घेतला असता?
माझा हात तसाच पडून राहिला रुमालाखाली.
खोलीत सगळे ताटकळलेले.
असल्या वेळी मी कुजबुजते, ते माझं काम.

भूपालनं माझी करंगळी धरली.
हलकेच, एकदाच दाबली,
जसं अडलेल्या नटाला
वाक्याचं फक्त पहिलं अक्षर देतात.
मग मी बोटं दिली.
किती, ते इथं लिहीत नाही.

किती सांगितलं मावशींनी, तन्वीरनं विचारलं.
भूपालनं रुमाल झटकला, घडी घातली, खांद्यावर टाकला.
सौदा उघडा करत नसतात, म्हणाला,
आणि चहा कुणी सांगितलाय का, ते बघायला गेला.

उद्या नऊला. वेळेवर.
आणि चपला आतच आणा, सुनंदा ओरडली दारातून,
कारागिराची एक कुत्र्यानं नेली.